दोन किलोमीटर पुढे

बुधवार, रात्री

शनिवारी घडलेले आज लिहीत आहे, कारण आज दुपारी त्या बाईने विचारलेला प्रश्न मनातून जात नाही.

शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून सहाच्या सुमारास मी अंबाजोगाईहून केजकडे निघालो होतो. लोखंडी सावरगाव मागे पडल्यावर रस्त्याकडेच्या बाभळींखाली पाले ठोकलेली दिसली. तिथे एक बाई नवऱ्याला कसेबसे सावरत उभी होती आणि मोकळ्या हाताने गाडी थांबवण्यासाठी विनवीत होती. त्याचे पाय लटपटत होते, मान छातीवर लोंबत होती. पहाटेच ढोसलेली दिसते, असे मी मनाशी ठरवले आणि वेग कमीही केला नाही. पाले पारध्यांची आहेत हे मी ओळखले होते. खरे सांगायचे तर तेच आधी ओळखले होते, माणूस त्यानंतर दिसला.

माझी आजी पारधी दिसले की अंगणातली भांडी आत घ्यायला लावायची. बाईला पुढे उभी करून गाडी अडवतात आणि मग लुटतात, हेही मी कितीदा तरी ऐकले आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, तो १९५२ मध्ये रद्द झाला, हे सगळे मी वाचलेले आहे. पण त्या सकाळी माझे मन आजीच्या अंगणातच उभे होते. पुढे जाऊन १०८ ला फोन करू, म्हणजे रुग्णवाहिका येईल, अशी स्वतःची समजूत घालत मी दोनेक किलोमीटर गेलो. फोन मात्र केला नाही.

मग एकाएकी आठवले की ती बाई बोटाने त्याची पापणी वर उचलून धरत होती.

मी सातवीला विज्ञान शिकवतो. नागपंचमीच्या आदल्या दिवशीच मी वर्गात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांची माहिती सांगितली होती. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत फारसे नाही, दातांची खूणही पुष्कळदा सापडत नाही. मग पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात, हे मी स्वतः फळ्यावर लिहिले होते. तोच माणूस रस्त्यावर समोर आला, तेव्हा मला त्यात फक्त दारू दिसली.

गाडी वळवली. जवळ गेल्यावर दारूचा वास अजिबात नव्हता. “प्यालेले न्हाईत वो दादा, रातीपासून पोट दुखतंय म्हनत व्हते, आता बोलनाच झालेत,” ती एका दमात म्हणाली. त्याला मागच्या सीटवर कुशीवर निजवले आणि अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी पापण्या पाहताच सर्पदंश ओळखला, प्रतिविष सुरू केले आणि तासाभरात कृत्रिम श्वासावर घेतले. पोलीस मलाच प्रश्न विचारत बसतील, ही वाटेत वाटलेली धास्ती तर अगदीच फोल ठरली. माझे नाव आणि फोन नंबर एवढेच कुणीतरी लिहून घेतले.

आज दुपारी भेटायला गेलो, तेव्हा त्याची श्वासनलिकेतली नळी काढली होती. आवाज फुटत नव्हता, पण डोळे पूर्ण उघडे होते. बाई मला व्हरांड्यापर्यंत सोडायला आली आणि खाली पाहत म्हणाली, “दादा, पयल्यांदा फुडं गेल्ता ना तुमी? म्या गाडी वळखली व्हती.”

मी हो म्हणालो. तिने आणखी काही विचारले नाही, आणि मलाही पुढे काही बोलता आले नाही.