छत्रीवरचं एसडी चित्र आणि मोठा टीव्ही : कामाची नोंद, दुसरा टप्पा

पहिल्या टप्प्यात छत्रीची दिशा, खांब आणि केबल पक्की झाली. हा टप्पा फक्त चित्राच्या धूसरपणाचा. ज्या टीव्हीवर मोबाईलमधला व्हिडिओ स्वच्छ दिसतो, त्याच टीव्हीवर फ्री डिशचे एसडी (कमी ठिपक्यांचे, जुन्या दर्जाचे) चॅनेल पसरट आणि मळकट का दिसतात, आणि त्यातलं आपल्या हातात किती आहे, एवढंच यात तपासलं आहे.

सामान असं: ६० सेंटीमीटरची ऑफसेट छत्री, केयू बँडचा साधा एलएनबी (९७५०/१०६००; छत्रीसमोर बसून सिग्नल पकडणारा भाग), एमपेग-२ चा (एमपेग म्हणजे चित्र दाबून पाठवायची पद्धत) जुना बॉक्स ज्याला फक्त एव्ही, म्हणजे लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीचं आउटपुट आहे, एमपेग-४ चा बॉक्स ज्याला एचडीएमआय आहे, ३२ इंची एचडी रेडी टीव्ही, ४३ इंची फुल एचडी टीव्ही आणि तुलनेसाठी २१ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही.

सगळ्यात आधी छत्रीचा विषय संपवू, कारण गावात नवा टीव्ही आला की पहिल्यांदा छत्रीच हलवली जाते. डिजिटल सिग्नलमध्ये क्वालिटीची पट्टी ६० वर असो की ९० वर, बॉक्सला मिळणारे आकडे तेच असतात. एका मर्यादेच्या वर चित्र पूर्ण येतं, मर्यादेच्या खाली त्याचे तुकडे पडतात, अडकतं, आवाज तुटतो. मधली ‘थोडी धूसर’ अशी अवस्था नसते. म्हणून चित्र तुटत असेल तर छत्री, एलएनबी, कनेक्टर तपासा. चित्र अखंड आहे पण धूसर आहे, तर छत्रीला हात लावू नका. चांगली बसलेली छत्री उगाच हलवली तर पुढच्या पावसात मार्जिन, म्हणजे सिग्नलची राखीव ताकद, कमी पडतं आणि नसलेली अडचण उभी राहते.

ज्यांची छत्री खरंच बिघडलेली आहे त्यांच्यासाठी आकडे देऊन ठेवतो. फ्री डिश जीसॅट-१५ वर, ९३.५ अंश पूर्वेला आहे. यवतमाळच्या आसपास दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजली तर सुमारे १४२ अंश, म्हणजे आग्नेयेच्या किंचित दक्षिणेला, आणि उंचीचा कोन सुमारे ६० अंश. बुलडाण्याकडे १३८ आणि ५९, गडचिरोलीकडे १४५ आणि ६२. ऑफसेट छत्री दिसायला यापेक्षा बरीच उभी असते, कारण साधारण २५ अंशांचा फरक तिच्या आकारातच धरलेला असतो. तेव्हा ६० अंशांसाठी ताटली उभ्या रेषेपासून ३५ अंशांच्या आसपासच मागे कललेली दिसते. ती चुकीची बसली असं समजून आणखी मागे कलवू नका.

विदर्भातल्या काळ्या मातीबद्दल एक सूचना. खांब वावरात किंवा अंगणात थेट मातीत रोवला असेल तर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब हळूहळू कलतो. ६० सेंटीमीटरच्या छत्रीला दीड अंशाचा कल पुरतो, पावसाच्या सरीत चित्र जायला लागतं. खांब भिंतीला किंवा स्लॅबला बोल्टने बसवा. टिनावर बसवायचा असेल तर बोल्ट टिनात न घेता खालच्या लोखंडी पाइपात घ्या. वारा सुटला की टिन हलतं, आणि वांदरं छत्रीला लोंबकळतात तेव्हा नुसतं टिन उचकटतं. छत्रीचं एवढंच.

आता मूळ कारण. एसडी चित्र जास्तीत जास्त ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके. फुल एचडी पॅनेलवर १९२० बाय १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार. बरोबर पाचपट. प्रत्येक पाच ठिपक्यांमागे चार ठिपके टीव्ही अंदाजाने भरतो. फोर के पॅनेलवर वीस ठिपक्यांमागे एकोणीस. त्यातही उपग्रहावरून येणारे काही चॅनेल रुंदीत ७२० ऐवजी ५४४ किंवा त्याहून कमी ठिपके पाठवतात, उभ्या रेषा मात्र ५७६ च ठेवतात. अशा चॅनेलवर चेहरे ठीक वाटतात, पण खालच्या पट्टीतली जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात.

दुसरं कारण बिटरेट, म्हणजे चित्रासाठी दर सेकंदाला मिळणारी माहिती, आणि माझ्या मते हेच मोठं. २९५०० सिम्बॉल रेट (सिग्नलचा वेग), क्यूपीएसके (सिग्नल पाठवायची पद्धत) आणि ३/४ एफईसी (चार बिटांत एक चूक-दुरुस्तीचा) धरला तर एका ट्रान्सपॉन्डरमधून (उपग्रहावरच्या एका प्रसारण-वाटेतून) उपयोगाचे सुमारे ४०.८ मेगाबिट दर सेकंदाला निघतात. त्यात २० चॅनेल बसवले तर एकेकाच्या वाट्याला सरासरी २ मेगाबिट, तेही आवाज धरून. डीव्हीडीवर त्याच एमपेग-२ पद्धतीच्या चित्राला ९.८ मेगाबिटपर्यंत मुभा असते. म्हणून त्याच ७२० बाय ५७६ ची डीव्हीडी त्याच टीव्हीवर चांगली दिसते आणि चॅनेल दिसत नाही. क्रिकेटमध्ये कॅमेरा चेंडूमागे फिरला की हिरवळीच्या चौकटी-चौकटी होतात, त्या याच टंचाईच्या. एमपेग-२ चित्राला ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकोनांत मोडतं. बिट कमी पडले की प्रत्येक चौकोन एकरंगी व्हायला लागतो, आणि मोठा टीव्ही ते चौकोन मोठे करून दाखवतो. एमपेग-४ ला तेवढ्याच दर्जासाठी साधारण निम्मे बिट पुरतात. एकच चॅनेल दोन्ही पद्धतींत मिळत असेल तर एमपेग-४ वालाच आवडत्या यादीत टाका.

जुन्या पिक्चर ट्यूबवर हे दोष दिसत नसत, कारण पडदा लहान, प्रत्येक रेष शेजारच्या रेषेत थोडी मिसळणारी, आणि एकाआड एक रेषांचं चित्र ती जसंच्या तसं दाखवायची. २००४ मध्ये ही सेवा डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली तेव्हा घरोघरी तेच टीव्ही होते. तुलनेसाठी ठेवलेला २१ इंची टीव्ही आजही सह्याद्री वाहिनीवरचा शेतीचा कार्यक्रम अगदी समाधानकारक दाखवतो.

आता सुधारणा. सगळ्यात मोठा फरक जोडणीने पडला. लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरमध्ये पूर्ण चित्र एकट्या पिवळ्या वायरीतून जातं. उजेड आणि रंग एकत्र कालवून पाठवायचे आणि टीव्हीने ते पुन्हा वेगळे करायचे. ही फोड कधीच पूर्ण होत नाही. रंगाचा उपवाहक (रंग वाहून नेणारी लहर) ४.४३ मेगाहर्ट्झवर, चित्राच्या बारीक तपशिलाच्याच पट्ट्यात असतो. त्यामुळे पट्टीतल्या अक्षरांच्या कडेला ठिपके सरकताना दिसतात आणि बारीक रेघांच्या शर्टावर इंद्रधनुषी रंग उमटतात. बॉक्सने डिजिटलचं अॅनालॉग केलं आणि टीव्हीने अॅनालॉगचं पुन्हा डिजिटल केलं, हा फेराही वाया जातो. एचडीएमआयने हे सगळं टळतं. तोच चॅनेल दोन्ही बॉक्सवर शेजारी लावून पाहिला तर अक्षरांच्या कडांत फरक लगेच कळतो. चौकटी मात्र तशाच राहतात, त्या येतानाच चित्रात असतात. दीड मीटरची साधी एचडीएमआय केबल पुरते, महाग केबलने चित्र सुधारत नाही.

एव्हीला लावून एचडीएमआय देणारी छोटी डबी बाजारात मिळते, ती घेऊ नका. पिवळ्या वायरीत गेलेला तपशील ती परत आणू शकत नाही, आणि बऱ्याच डब्या ६० हर्ट्झचं आउटपुट देतात, त्याने हालचाल झटके खाते. त्या पैशात थोडी भर घालून एचडीएमआयचा बॉक्स घ्यावा.

तूर्त एव्हीवरच भागवायचं असेल तर दोन गोष्टी तपासा. चित्र काळं-पांढरं येत असेल तर बॉक्सच्या मेनूत टीव्ही सिस्टीम एनटीएससी किंवा ऑटो वरून पाल करा. नव्या टीव्हीला एव्हीसाठी ३.५ मिलिमीटरचं एकच गोल छिद्र असतं, आणि त्या पिनेवरच्या कड्यांचा क्रम सगळीकडे सारखा नसतो. टीव्हीसोबत आलेलीच वायर वापरा. दुसरी वापरून चित्र आलं नाही, तर पिवळ्याच्या जागी लाल आणि मग पांढरी लावून पाहा, पुष्कळदा त्यातल्या एकीवर चित्र सापडतं.

दोन बॉक्स एका छत्रीवर लावताना स्प्लिटर ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा हवा. केबल टीव्हीचा स्प्लिटर बहुधा १००० मेगाहर्ट्झपर्यंतचाच असतो. ११०९० मेगाहर्ट्झचा ट्रान्सपॉन्डर एलएनबीतून (११०९० वजा ९७५०) १३४० वर खाली येतो, तो त्यातून नीट जात नाही. स्प्लिटरमधून एलएनबीला वीज जाणारी बाजूही असावी लागते, आणि दोन्ही बॉक्स एकाच पोलरायझेशनवर (लहरीच्या उभ्या किंवा आडव्या दिशेवर) असावे लागतात.

एचडीएमआय लावल्यावर बॉक्सचं आउटपुट. इथे ठरलेलं उत्तर नाही, पण एक नियम पक्का: ५० हर्ट्झच ठेवा. आपले चॅनेल सेकंदाला ५० फील्डचे आहेत (फील्ड म्हणजे एकाआड एक रेषांचं अर्धं चित्र). बॉक्स १०८०पी ६० किंवा ७२०पी ६० वर असेल तर सरकती पट्टी अडखळत जाते. रिझोल्यूशनचं म्हणाल तर चित्र मोठं करण्याचं काम कुणी करायचं, बॉक्सने की टीव्हीने, एवढाच प्रश्न आहे. ५७६पी ठेवलं तर मोठं करतो टीव्ही, १०८०आय ठेवलं तर बॉक्स (पी म्हणजे पूर्ण चित्र, आय म्हणजे एकाआड एक रेषांचं). ४३ इंची टीव्हीवर ५७६पी चांगलं निघालं, अक्षरांच्या कडा कमी दातेरी. ३२ इंचीवर ७२०पी ५० आणि ५७६पी यांत डोळ्याला फरक दिसला नाही. पाहताना चेहरा बघू नका, सरकती पट्टी आणि क्रिकेटच्या सीमारेषेची पांढरी दोरी बघा. दोरी कंगव्यासारखी दिसली तर फील्ड जोडण्याचं काम ज्याच्याकडे आहे त्याला ते जमत नाही. दुसरं आउटपुट लावा.

पडद्याच्या आकाराची सेटिंग पुष्कळ घरांत उलटी असते. बॉक्समध्ये टीव्ही ४:३ लेटरबॉक्स आणि टीव्हीत झूम, असं असेल तर रुंद चॅनेलच्या ५७६ रेषांपैकी ४३२ च चित्राला उरतात, बाकीच्या काळ्या पट्ट्यांत जातात, आणि टीव्ही त्या ४३२ ताणून पडदा भरतो. आधीच कमी असलेल्या चित्रातला चौथा हिस्सा घालवायचा हा प्रकार आहे. बॉक्समध्ये १६:९ आणि टीव्हीतही १६:९ किंवा ऑटो ठेवा. ४:३ चॅनेलला दोन्ही बाजूंनी काळे पट्टे येऊ द्या. घरची मंडळी पडदा भरलेला मागतात हे खरं, पण त्याने माणसं रुंद दिसतात आणि धूसरपणा वाढतो.

टीव्हीची सेटिंग दुकानातल्या उजेडासाठी केलेली असते. पिक्चर मोड व्हिव्हिड किंवा डायनॅमिक वरून स्टँडर्ड किंवा मूव्हीवर आणा. मग शार्पनेस. लोक तो वाढवतात, धूसरपणावर तोच उपाय वाटतो म्हणून. प्रत्यक्षात तो कडांना पांढरी किनार काढतो आणि चौकोनांच्या सीमाही ठळक करतो. पट्टीतल्या अक्षरांभोवतीची किनार नाहीशी होईपर्यंत तो खाली आणा आणि थांबा. कोणता आकडा, हे सांगण्यात अर्थ नाही, काही टीव्हीत शून्य तटस्थ असतं, काहींत शून्यावर चित्र पुसट होतं. एमपेग नॉइज रिडक्शन मध्यमवर ठेवलं तर चौकटी थोड्या दबतात. हायवर चेहरे मेणाचे दिसतात. हालचाल गुळगुळीत करणारी सोय एसडीवर बंद ठेवा, कारण ती चौकटींनाही हलणाऱ्या वस्तू समजते. ही सगळी सेटिंग त्या एचडीएमआय पोर्टपुरती साठवता येत असेल तर तशीच साठवा, म्हणजे मोबाईल किंवा पेन ड्राइव्हचं चित्र बिघडत नाही.

अंतर. नजर चांगली असेल तर डोळा अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखतो. त्या हिशोबाने ५७६ रेषा २४ इंचीवर साधारण ६ फुटांवरून, ३२ इंचीवर ८ फुटांवरून, ४३ इंचीवर साडेदहा आणि ५५ इंचीवर साडेतेरा फुटांवरून एकमेकींत मिसळतात. याहून जवळ बसलं की उणिवा मोजत बसावं लागतं. आपल्याकडची बैठकीची खोली दहा बाय बाराची धरली तर फक्त फ्री डिश पाहणाऱ्या घराने ३२ इंचीच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ४३ इंची घ्यायचा तर टीव्ही दहाफुटी भिंतीवर लावा, म्हणजे बसायचं अंतर खोलीच्या बाराफुटी लांबीच्या दिशेने मिळतं.

विजेचं थोडक्यात. संध्याकाळी मोटरपंप सुरू झाले की दाब पडतो, इन्व्हर्टरवर एव्हीच्या चित्रात आडव्या रेघा सरकतात. एचडीएमआयवर त्या दिसत नाहीत. पण दोन पिनांच्या प्लगचे बॉक्स आणि टीव्ही यांच्या अंगावर अर्थिंग नसताना थोडा प्रवाह असतो, केबलच्या धातूला हात लावला की झिणझिण्या येतात त्या याच्याच. चालू असताना एचडीएमआय काढ-घाल केली तर याच प्रवाहाने पोर्ट जळू शकतो. दोन्हींचे प्लग बोर्डातून काढून मगच केबल लावा, आणि छत्रीच्या खांबाला अर्थिंग करा. विजा कडाडायच्या आधीच एलएनबीची केबल आणि दोन्ही प्लग काढून ठेवा. विजा सुरू झाल्यावर केबलला हात लावू नका.

पुढचं काम चालू आहे ते चॅनेलनिहाय मोजणीचं. बॉक्समध्ये पेन ड्राइव्हवर रेकॉर्डिंगची सोय असेल तर एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट केलेली ड्राइव्ह लावा, एक चॅनेल पाच मिनिटं रेकॉर्ड करा आणि फाईल संगणकावर व्हीएलसीमध्ये उघडा. टूल्समधल्या कोडेक माहितीत खरं रिझोल्यूशन दिसतं. बिटरेटसाठी एका मिनिटाला किती एमबी ते काढून ८ ने गुणा आणि ६० ने भागा. मिनिटाला १५ एमबी म्हणजे २ मेगाबिट. आकडा पाठवताना चॅनेल, एमपेग-२ की ४, रिझोल्यूशन, रेकॉर्डिंगची वेळ आणि त्या वेळी काय चाललं होतं (बातम्या, मालिका, क्रिकेट) हे पाचही लिहा. बिट चॅनेलांमध्ये गरजेप्रमाणे फिरवले जातात, त्यामुळे वेळ आणि कार्यक्रम नसेल तर दोन गावांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.