आमची वाटचाल : पाच बॉनेटं आणि एक विहीर

कुडाळच्या एमआयडीसीत शेड घेण्याआधी आमचं जुन्या मोटारी नव्यासारख्या करायचं काम मालवणजवळ खाडीकाठच्या एका मांगरात (शेतघरात) चालायचं. पत्रा मिस्त्री बघायचे, रंग आम्ही. मिस्त्री आमचे पहिले भागीदार. भांडवल म्हणून त्यांनी गॅसचा सेट, दोन हातोड्या आणि झिजून गुळगुळीत झालेली एक डॉली (पत्रा ठोकताना मागून टेकवायचा लोखंडी ठोकळा) आणली. ती डॉली अजून वापरात आहे. पद्मिनीच्या मडगार्डवरून तळहात फिरवला की पुट्टी (खड्डे भरायचा लेप) कुठे जाड बसलीय ते मिस्त्री सांगत. ज्याच्याकडे असा हात नाही त्याने लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून फिरवावं. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टीचा ढीग आहे. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही हे करावं, पण कोणी करत नाही.

मधली वर्षं बरी गेली. फोड आले त्या वर्षाचं मात्र सांगायलाच हवं.

एरवी घासकाम आम्ही मार्चच्या आत संपवायचो. त्या वर्षी ऑर्डर जास्त घेतल्या. तीन पद्मिनी आणि दोन अँबॅसिडर मेपर्यंत रेंगाळल्या. काम नेहमीचंच : जुना रंग पत्र्यापर्यंत उतरवला, चटईखालची फ्लोअर आणि हेडलाइटच्या वाट्या तांबेऱ्याने (गंजाने) खाल्लेल्या होत्या त्या कापून नवा पत्रा जोडला, मग पॉली (पॉलिएस्टर) पुट्टी, प्रायमर (रंगाखालचा थर), चारशे-सहाशे नंबरच्या वॉटर पेपरने पाणी मारत घासणं, वर पीयू (पॉलियुरेथेन रंग). पावसाआधी गाड्या गेल्या. ऑगस्टपर्यंत पाचही परत. बॉनेटवर मोहरीएवढे फोड, सुईने टोचलं की आत पाणी, पाण्याखाली तांबेऱ्याचा ठिपका.

आम्ही थिनर बदललं, हार्डनरचे (रंग-पुट्टी घट्ट करणाऱ्या रसायनाचे) डबे तपासले. तेवढ्यात महामार्गावरच्या एका गॅरेजवाल्याने बोंब उठवली की आम्ही भेसळीचं थिनर वापरतो. अजून काही लोक तेच बोलतात.

दोष विहिरीचा होता. मेमध्ये गोडं पाणी खाली जातं आणि खाडीचं आत शिरतं. त्या मचूळ पाण्याने घासलं, पाणी वाळलं, मीठ प्रायमरवर राहिलं आणि त्यावर आम्ही रंग चढवला. रंगाचा कुठलाही थर वाफ पूर्ण अडवत नाही. पावसात वाफ आत जाते, मीठ तिला ओढून धरतं, पाणी साठतं, रंग वर उचलला जातो. पॉली पुट्टी तर स्पंजच. तिने पिऊन ठेवलेलं पाणी महिनोन् महिने निघत नाही.

पाचही गाड्या पदरखर्चाने पुन्हा पत्र्यापर्यंत नेल्या. त्यात कॉम्प्रेसर गहाण पडला. दोन गिऱ्हाइकांनी नवीन काम काढून घेतलं. कणकवलीचे एक मास्तर मात्र दर दोन दिवसांनी रिक्षातून घरच्या विहिरीचं पाणी आणायचे, वीस लिटरचे दोन कॅन. "आता ह्या पाण्यान घासा," एवढंच म्हणायचे. त्यांची पद्मिनी पाचातली पहिली पुरी झाली.

तेव्हापासून गाडी आली की घासायच्या आधी गोड्या पाण्याने धुतो, नाहीतर वरचं मीठ पेपरच्या चऱ्यांत बसतं. पत्रा उघडा झाला की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर; खाऱ्या वाऱ्यात रात्रभर ठेवला तर सकाळी तांबूस झाक आलीच. पुट्टी इपॉक्सीवर, हार्डनर वजनाने दोन टक्क्यांच्या आसपास, आणि घासायची कोरडीच : ऐंशी, एकशेवीस, एकशेऐंशी नंबरच्या पेपरने. पाण्याचा हात फक्त वरच्या टूके (दोन घटक मिसळून लावायच्या) प्रायमरला. शेवटचं धुणं आरओच्या पाण्याने. भिंतीवर आर्द्रतेचं मीटर आहे. आकडा 85 टक्क्यांच्या वर असला की रंगाची गन हातात घ्यायची नाही. पत्राही दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा) किमान 3 अंश गरम हवा. कॉम्प्रेसरची टाकी रोज संध्याकाळी रिकामी करायची, नाहीतर गनमधून पाण्याचे थेंब येतात. आणि पोरांनो, पीयू मारताना तोंडाला रुमाल बांधून आयसोसायनेट (पीयूच्या हार्डनरमधलं विषारी रसायन) थांबत नाही, बाहेरून हवा येणारा मास्क घ्या.

चाकरमान्यांना गाडी चतुर्थीला दारात हवी असते. आम्ही जून ते सप्टेंबर रंग घेत नाही, म्हणून ते महामार्गावरच्या त्या गॅरेजवाल्याकडे जातात. तिथे आठ दिवसांत गाडी मिळते. दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज रंग) मारला की पांढरी झाक येते. ती रिटार्डर (रंग हळू वाळवणारं थिनर) घालून घालवतात, मग गणपतीत गाडी चमकते. त्याच्या दराशी आम्हाला कधी जमलं नाही आणि त्याचा राग अजून आहे, खोटं कशाला बोला.

यंदा त्याच्या हातची एक पद्मिनी आमच्याकडे आली. दोन्ही पुढच्या दारांची खालची कड फुगलेली. दाराच्या तळाला पाणी निचरायची भोकं असतात, ती पुट्टीने लिंपून वर रंग मारलेला. काचेच्या रबरातून उतरलेलं पावसाचं पाणी जाणार कुठे? ड्रिलला सहा एमएमचा बिट लावून मिस्त्रींनी डावीकडचं भोक मोकळं केलं. खाली तांब्या धरला होता, तो अर्धा भरला.