युगांडातल्या आमच्या शाळेला जाऊन आलो, जाणाऱ्यांसाठी थोडं

आमच्या चर्चची मंडळी बरीच वर्षं मसाकाजवळच्या एका खेड्यातल्या शाळेतली काही मुलं स्पॉन्सर करतेय. दरवर्षी पत्रं यायची, सगळ्या पत्रांची पहिली चार वाक्यं सेम, आणि मला उगाच शंका यायची की पत्रं कोणीतरी मोठं माणूस लिहितंय. तिथे गेल्यावर कळलं, बाई फळ्यावर लिहून देतात आणि मुलं उतरवून घेतात, कारण पत्रं इंग्रजीत आणि चौथीपर्यंत पोचल्यावरच शिकवणं इंग्रजीतून सुरू होतं, तोवर घरची भाषा. आपणही निबंध असेच लिहिलेत की.

आधी तारखांचं बघा. तिथलं शाळेचं वर्ष फेब्रुवारीच्या आसपास सुरू होतं आणि डिसेंबरच्या सुरुवातीला संपतं, तीन टर्म. नाताळच्या सुट्टीत स्वस्त तिकीट मिळालं म्हणून गेलात तर कुलूप बघून परत याल. यलो फीवरची लस किमान दहा दिवस आधी घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा, एन्टेबे विमानतळावर उतरताना मागतात आणि भारतात परत येताना नसेल तर क्वारंटाइनमध्ये टाकू शकतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. डॉलरच्या नोटा नव्या आणि मोठ्या न्या, जुन्या किंवा दुमडलेल्या नोटांना कमी भाव देतात नाहीतर घेतच नाहीत.

कंपाला ते मसाका साधारण १३० किलोमीटर, वाटेत कायाब्वेला विषुववृत्त लागतं, फोटो काढून मोकळे व्हा. पुढे खेड्यापर्यंत लाल मातीचा रस्ता, आम्ही पोचलो तेव्हा पांढरा शर्ट विटकरी झालेला.

शाळेत गेल्यावर डायरेक्ट वर्गात घुसायचं नाही. हेडमास्तरांच्या ऑफिसात व्हिजिटर्स बुकात सही, मग बाकी सगळं. मी स्पॉन्सर करते ती मुलगी आली आणि माझ्यासमोर गुडघे टेकून हळू आवाजात ‘ओली ओत्या’, म्हणजे कसं काय, म्हणाली. मी तिला उठवायला धावले, तर सोबतच्या बाई म्हणाल्या राहू दे, बुगांडात, म्हणजे युगांडाच्या या भागात, मुली मोठ्यांना अशाच भेटतात. म्हणजे आपला वाकून नमस्कारच झाला ना, मीच उगाच गडबडले.

आता माझी चूक. तिच्यासाठी मी एक गुलाबी दप्तर नेलं होतं आणि ते सगळ्यांसमोर दिलं. वर्गात साठेक मुलं, एकदम शांत. तिने दप्तर घेतलं, पाठीला न लावता पोटाशी धरून बसली आणि शेजारची मुलगी त्याची चेन नुसती बोटाने इकडून तिकडे करत होती. नंतर हेडमास्तर हसून म्हणाले, ताई, पुढच्या वेळी काय आणायचं ते आधी विचारा, मी ते ऑफिसातून वाटतो. एवढंच, पण माझे कान गरम झाले.

म्हणून सांगते, एकाच मुलाला वस्तू देऊ नका, आणि वह्या-पेन्सिली बॅगेत कोंबून नेऊ नका, मसाक्यात मिळतात आणि तिथल्या दुकानदाराचाही धंदा होतो. १९९७ पासून सरकारी प्राथमिक शिक्षणाला फी नाही खरी, पण युनिफॉर्म, वह्या, दुपारचं जेवण हे घरच्यांवरच पडतं, आणि तिथेच मुलं गळतात. हेडमास्तरांनी आम्हाला मागितलं काय तर मक्याचं पीठ, पॉशो (त्याच पिठाची घट्ट उकड) आणि बीन्ससाठी, म्हणजे जेवण सगळ्यांना, स्पॉन्सर असो नसो. यंदा पाळकसाहेबांनी पैशांतला काही भाग तिकडे वळवलाय, दोन घरच्यांनी कुरकुर केली, करू दे.

रविवारची उपासना लांबलचक असते, पाणी पिऊन जा, बायकांनी गुडघ्याखाली जाईल असा ड्रेस घाला, आणि पाहुण्यांना हमखास उभं करून बोलायला लावतात तेव्हा दोन वाक्यं तयार ठेवा. शेवटी ‘म्वेबाले’ म्हणा, धन्यवाद, सगळा हॉल हसतो. मुलांचे फोटो शाळेला विचारूनच काढा आणि फेसबुकवर नाव-गाव घालून टाकू नका. प्लग तीन चौकोनी पिनांचा, अडॅप्टर घरूनच न्या, खेड्यात मिळाला नाही आणि दोन दिवस माझा फोन बंदच होता.