काहीच धडकलं नाही तरी एअरबॅग उघडते का? मामाच्या गाडीचं काय झालं ते सांगते

गणपतीच्या दोन दिवस आधी मामाच्या गाडीच्या पुढच्या दोन्ही एअरबॅग उघडल्या. गावाकडे जाताना शेवटचे सात-आठ किलोमीटर जो आतला रस्ता आहे ना, त्यावर एक मोरी आहे, पावसात तिच्या अलीकडचा भराव वाहून गेला होता आणि खड्ड्यात पाणी भरून तो रस्त्यासारखाच सपाट दिसत होता. मामा चाळीसच्या आसपास असेल, पुढची चाकं धाडकन खाली गेली आणि दुसऱ्या क्षणाला समोर सगळं पांढरं. मामी म्हणते गाडीत सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला, कान किती वेळ वाजत होते, आणि धूर. त्यांना वाटलं गाडीच पेटली, म्हणून दोघं नातीला मागच्या सीटवरून उचलून तसेच भर पावसात बाहेर पळाले.

गाडी पेटली नव्हती. पिशवी घडीत चिकटू नये म्हणून तिला टॅल्क नाहीतर मक्याचं पीठ लावलेलं असतं, ते उडतं, आणि फुगवणाऱ्या गॅसचा थोडा जळका वास असतो. मामाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला सोललं होतं, मामीचे दोन्ही हात लाल झाले होते, बाकी सगळे ठीक, देवाची कृपा.

पण मग गावातली माणसं जमली आणि गाडीभोवती फिरून सगळ्यांनी एकच निकाल दिला. बंपरला ओरखडा नाही, काच शाबूत, बोनेट शाबूत, म्हणजे एअरबॅग आपोआप फुटली, गाडीच डिफेक्टिव्ह. आणि मामाने ठरवून टाकलं की गाडी दुरुस्त करताना एअरबॅग बसवायच्याच नाहीत. "नको ती ब्याद, उद्या हायवेला शंभरच्या स्पीडला आपोआप फुटली तर?" मामाचा प्रश्न चुकीचा नव्हता. म्हणूनच मी पुढचे आठ-दहा दिवस याच्याच मागे होते, मॅन्युअल वाचलं, वर्कशॉपला जाऊन गाडीखाली उभी राहिले, जुन्या रिकॉलच्या, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या परत बोलवल्याच्या, बातम्या शोधल्या.

आधी गाडीखाली काय दिसलं ते सांगते, कारण मामाचं मत तिथेच बदललं. गाडी लिफ्टवर घेतली, सुपरवायझरने बॅटरी मारली, आणि इंजिनच्या खालचा क्रॉस मेंबर, म्हणजे तिथला आडवा लोखंडी दांडा, मागे दबलेला होता, त्याच्या कडेला काँक्रीट घासल्याची पांढरी रेघ आणि त्यात एक छोटा खडा अजून अडकलेला. म्हणजे चाकं खड्ड्यात गेली, गाडीचं नाक खाली झुकलं आणि मोरीची काँक्रीटची कड थेट गाडीच्या पोटात बसली. धडक झालीच होती, फक्त ती बंपरला न होता खालून झाली.

एअरबॅग उघडायची का नाही हे ठरवणारं जे कंट्रोल युनिट असतं, त्याला बंपर दिसत नाही हो. ते युनिट बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, गियरच्या आसपास बोल्ट केलेलं असतं, त्याच्यात वेग किती झटक्यात कमी होतोय ते मोजणारा सेन्सर असतो, काही गाड्यांत पुढेही वेगळे सेन्सर असतात. गाडी एका झटक्यात थांबायला लागली की ते आकडे बघतं, दुसऱ्या सेन्सरकडून खात्री करून घेतं आणि काही मिलिसेकंदांत ठरवतं उघडायचं का नाही. पुढच्या एअरबॅगसाठी हिशोब साधारण असा असतो की घट्ट भिंतीवर ताशी १३ ते २३ किलोमीटरने आदळल्यावर जेवढा झटका बसेल तेवढा किंवा त्याहून जास्त. आणि पिशवी फुगायला सेकंदाचा तिसावा-चाळिसावा भाग पुरतो, त्यामुळे आतल्या माणसाला आधी धडक कळली आणि मग एअरबॅग आली असं वाटतच नाही, त्याला एअरबॅगच आठवते. मामालाही खड्डा आठवत नव्हता, त्याला फक्त पांढरं आठवत होतं.

आणि हे सगळं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये वेगळं पानच असतं, धडकेशिवाय एअरबॅग कधी उघडू शकतात याचं, आणि त्यात हेच तीन प्रकार चित्रासकट दिलेले असतात: फुटपाथच्या किंवा दगडाच्या कडेला खालून आपटणं, खोल खड्ड्यात पडणं, गाडी उडून जोरात खाली येणं. आपले रस्ते बघता हे पान शोरूममध्ये डिलिव्हरीच्या दिवशी मोठ्याने वाचून दाखवायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पेढे आणि रिबिनीच्या आधी.

आता मामाचा खरा प्रश्न. खड्डा नाही, दगड नाही, सरळ रस्त्यावर गाडी चाललीय आणि एअरबॅग उघडली, असं होतं का? होतं. फार क्वचित होतं, पण झालंय, आणि कंपन्यांनी ते कबूलही केलंय. अमेरिकेत जानेवारी २०१५ च्या शेवटी तिथल्या सुरक्षा खात्याने जाहीर केलं की टोयोटा, होंडा आणि क्रायस्लरच्या २००२ ते २००४ च्या आसपासच्या मॉडेल्सपैकी २१ लाखांवर गाड्या परत बोलवल्या जातायत, कारण त्यांच्या कंट्रोल युनिटमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दोषामुळे धडकेशिवाय एअरबॅग उघडू शकत होत्या. त्यातली वाईट गोष्ट म्हणजे या गाड्या आधी एकदा रिकॉल होऊन गेल्या होत्या आणि ती पहिली दुरुस्ती पूर्ण पुरली नव्हती. त्याच्याआधी २०११ मध्ये फोर्डने एफ-१५० हे पिकअप बोलवले, तो आकडा वाढत वाढत १२ लाखांच्या आसपास गेला, तिथे कारण अगदी साधं, स्टिअरिंगमधली वायर घासून सोलायची आणि शॉर्ट व्हायची. आणि २०१६ मध्ये काँटिनेंटल या पार्ट बनवणाऱ्या कंपनीच्या २००६ ते २०१० मधल्या कंट्रोल युनिटचा प्रश्न निघाला, आतला भाग गंजून एअरबॅग एकतर गरज असताना उघडणार नाही किंवा गरज नसताना उघडेल.

गंजण्याचं वाचून मी थांबलेच, कारण आम्ही कोकणातले. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी भरलं तेव्हा किती गाड्या छतापर्यंत बुडाल्या होत्या ते आठवतंय ना? हे युनिट कन्सोलखाली, एअरबॅगचे प्लग सीटखाली, म्हणजे कार्पेट भिजलं की पाणी आधी इथेच. बुडालेली गाडी धुऊन पुसून, नवीन सीट कव्हर घालून कमी किमतीत विकायला येते तेव्हा कार्पेट उचलून खाली चिखल बघा, सीटचे रेल गंजलेत का बघा. आणि चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा लाल दिवा लागून काही सेकंदांनी जातो का ते बघाच. दिवा लागून राहिला तर बिघाड आहे. पण मुळात लागलाच नाही तर जास्त काळजी करा, बहुतेक कुणीतरी दिवाच काढून टाकलाय.

टकाटा या एअरबॅग बनवणाऱ्या जपानी कंपनीचं नाव पण लोक यात घालतात. ते प्रकरण थोडं वेगळं आहे. तिथे मुख्य दोष असा होता की गॅस तयार करणारं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा खाऊन बिघडायचं आणि मग एअरबॅग उघडताना धातूचा डबाच फुटून त्याचे तुकडे आतल्या माणसाला लागायचे. जगभरात असे दहा कोटींच्या घरात डबे, म्हणजे इन्फ्लेटर, परत बोलवले आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी मागितली. जुनी गाडी असेल तर चेसिस नंबर टाकून कंपनीच्या साइटवर रिकॉल तपासा, पाच मिनिटांचं काम आहे आणि त्या दुरुस्तीचे पैसे घेत नाहीत. आपल्याकडेही जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने १७,३६२ गाड्या एअरबॅगचा कंट्रोलर बदलायला बोलवल्या होत्या, तिथे भीती उलटी होती, धडकेत एअरबॅग उघडणारच नाही अशी.

मला जास्त भीती वाटते ती आपल्याच हातांची. एअरबॅग पेटवणारा जो छोटा स्क्विब असतो त्याला साधारण सव्वा अँपिअर करंट, तोही दोन मिलिसेकंद, एवढंच लागतं. आपल्याकडे गॅरेजमध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावून जो टेस्ट लॅम्प बनवतात, तो दीड-पावणेदोन अँपिअर सहज ओढतो. म्हणजे कुठली वायर म्युझिक सिस्टीमची आणि कुठली एअरबॅगची हे न बघता कुणी स्टिअरिंगच्या कॉलममध्ये तो टोचला तर एअरबॅग तोंडावर येऊ शकते. म्हणून तर ते प्लग पिवळे असतात, बहुतेक गाड्यांत, हात लावू नका म्हणून. काम करायचंच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढून मॅन्युअलमध्ये दिलीत तेवढी मिनिटं थांबायचं, कारण अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून युनिटच्या आत कपॅसिटर चार्ज धरून बसलेला असतो.

उंदराने वायर खाल्ली, स्टिअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगपर्यंत करंट नेणारी गुंडाळलेली पट्टी) तुटली, असल्या गोष्टींनी बहुतेक वेळा एअरबॅग फुटत नाही, युनिटला फॉल्ट कळतो, दिवा लागतो आणि ती एअरबॅग वेळेला कामाला येईलच असं राहत नाही. हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणं बंद पडली आणि सोबत हा दिवा पण आला तर क्लॉक स्प्रिंगच असते बऱ्याचदा. इंजिन बंद, चावी काढलेली, गाडी पार्किंगमध्ये उभी, तेव्हा हे युनिट झोपलेलं असतं, त्यामुळे दारात उभ्या गाडीची रात्री एअरबॅग फुटेल ही भीती मनातून काढून टाका.

मामाला एक गोष्ट मी समोर बसून सांगितली. नात नेहमी पुढे मामीच्या मांडीवर बसायची, त्या दिवशी झोप आली म्हणून मागे आडवी झाली होती. डिसेंबर २०२४ मध्ये वाशीला सहा वर्षांचा मुलगा गेला, पुढच्या सीटवर होता, पुढच्या गाडीचा अपघात होऊन ती यांच्या बोनेटवर आली आणि एअरबॅग उघडली. मोठ्या माणसाला जी पिशवी वाचवते ती त्या अंतरावरून लहान मुलाला सोसत नाही. मामा किती तरी वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तिची सीट मागे घे आणि एअरबॅग दोन्ही बसव."

त्यांचा ओळखीचा मेकॅनिक एअरबॅगच्या जागी रेझिस्टर लावून दिवा घालवून देतो म्हणाला होता, पैसे वाचतील म्हणून. युनिटला वाटतं एअरबॅग जागेवर आहे, दिवा जातो, आणि गाडीत प्रत्यक्षात काहीच नसतं. असली गाडी पुढे कुणाला विकली तर त्या माणसाचा काय दोष? आम्ही इन्शुरन्सला मोरीचा फोटो, क्रॉस मेंबरचा फोटो आणि जे झालं ते जसंच्या तसं लिहून दिलं. "आपोआप फुटली" हे वाक्य फॉर्ममध्ये कुठेच टाकलं नाही. दोन्ही एअरबॅग, कंट्रोल युनिट, क्लॉक स्प्रिंग, पुढचे दोन्ही सीट बेल्ट, आणि पॅसेंजरची पिशवी बाहेर पडताना डॅशबोर्ड फाटला होता म्हणून तोही, सगळं नवीन बसलं. गाडी दसऱ्याच्या आधी घरी आली.

परवा मामाचा फोन आला. सीट कव्हर बदलून आणले आणि निघतानाच एअरबॅगचा दिवा लागून राहिला, तर मामा घरी न जाता तसाच वर्कशॉपला गेला. कव्हर घालताना दुकानातल्या पोराने सीट उचलली होती आणि खालचा पिवळा प्लग अर्धवट बसला होता. त्यांनी तो टक् आवाज येईपर्यंत दाबला, स्कॅनर लावून कोड काढला, आणि दिवा गेला.