प्रॅटफॉल: पडायचं, पण नेमकं कशावर?

मराठी माणसाची फजिती झाली की तो तोंडावर आपटतो. इंग्रजीत त्याच कामासाठी एक शब्द आहे, त्यात माणूस बुडावर आपटतो. तो शब्द म्हणजे ‘प्रॅटफॉल’. भाषांतरात त्याचं सर्रास ‘घसरून पडणे’ केलं जातं आणि शब्दातली सगळी गंमत तिथेच सांडते.

‘प्रॅट’ म्हणजे कुल्ला. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडच्या चोर-भामट्यांच्या बोलीतला हा शब्द. त्याला ‘फॉल’ जोडून प्रॅटफॉल झाला तो बराच नंतर, १९३०च्या दशकात, अमेरिकेतल्या रंगमंचावरच्या बोलीत. आजच्या ब्रिटिश इंग्रजीत ‘प्रॅट’ म्हणजे मूर्ख, त्यामुळे ‘मूर्खासारखं पडणं’ अशी फोड अनेकजण करतात. अर्थ कसाबसा जुळतो, पण व्युत्पत्ती चुकते.

शब्दाची अट एकच: पडणं हसण्यासारखं हवं. जिना उतरताना आजोबा पडले आणि खुब्याचं हाड मोडलं, तर तो प्रॅटफॉल नव्हे. तिथे हा शब्द वापरणं क्रूर वाटेल. १ जून १९७५ रोजी साल्झबर्गमध्ये विमानाच्या ओल्या पायऱ्यांवरून अमेरिकेचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड घसरले, ते नुसतं पडणं. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकी टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात विनोदवीर चेव्ही चेस फोर्ड बनून धडाधड आपटू लागला, ते प्रॅटफॉल. (फोर्ड कॉलेजात अमेरिकन फुटबॉलचे चांगले खेळाडू होते. पण वेंधळेपणाचा शिक्का बसला तो बसलाच.)

मुद्दाम पडणं ही कारागिरी आहे आणि ती माकडहाड वाचवण्यापासून सुरू होते. आधी गुडघे वाकवून बूड खाली आणायचं, म्हणजे पडण्याची उंचीच कमी होते. प्रेक्षकाला मात्र दिसतात हवेत उडालेले पाय. टेकायचं ते कुल्ल्याच्या मांसल भागावर, किंचित एका बाजूला कलून. सरळ मधोमध बसलात तर सगळा दणका माकडहाडाला. हनुवटी छातीशी, पाठ गोल, श्वास बाहेर सोडत. हनुवटी वर राहिली तर मान मागे झटकून डोकं आपटतं. नवख्यांची हमखास चूक हाताची: घाबरून हात ताठ करून मागे टेकवतात आणि मनगट मोडून घेतात. त्याऐवजी दोन्ही तळवे आणि कोपरापुढचा हात, अंगापासून जरा दूर, एकदम जमिनीवर आपटायचे. धक्का पसरतो आणि वर ‘धप्प’ असा झकास आवाज मिळतो. सराव जाड गादीवर, उकिडवं बसून मागे लोळण्यापासून करावा. उभ्याने पडणं नंतर. कपड्यांखाली पॅड बांधण्यात कमीपणा काही नाही.

आणि हसू पडण्याला येतच नाही. ते येतं आधीच्या ऐटीला आणि नंतरच्या चेहऱ्याला. ‘याला लागलं की काय’ अशी शंका क्षणभर जास्त रेंगाळली तरी प्रेक्षागृह गप्प होतं, म्हणून पडलेल्याने लगेच काहीतरी करावं लागतं: टोपी सावरणं, काही झालंच नाही असं इकडेतिकडे बघणं.

लाक्षणिक अर्थाने हा शब्द जाहीर घोडचुकीला वापरतात, विशेषतः पुढाऱ्यांच्या आणि कंपन्यांच्या. इथे ‘तोंडघशी पडणे’ हाताशी असतं, पण जपून. तोंडघशी आपल्याला बरेचदा दुसरा पाडतो, कुणावर विसंबलो म्हणून. प्रॅटफॉल स्वतःच्याच पायाने होतो. ‘फजिती’ जास्त जवळचा, बोलण्यात ‘पचका’. सरळ अर्थाने असेल तर न लाजता ‘धपकन बुडावर आपटला’ लिहावं. ‘पार्श्वभागावर कोसळला’ असं सोवळं मराठी वाचून कुणी हसणार नाही.

मानसशास्त्रातला ‘प्रॅटफॉल इफेक्ट’ मात्र वेगळा. १९६६मध्ये एलियट ॲरॉन्सन आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना प्रश्नमंजूषेच्या उमेदवारांच्या ध्वनिफिती ऐकवल्या. ९२ टक्के उत्तरं बरोबर देणाऱ्या हुशार उमेदवाराने अंगावर कॉफी सांडली, तेव्हा तो ऐकणाऱ्यांना अधिक आवडला. सुमार उमेदवाराने सांडली तर आणखी नावडता झाला. या प्रयोगात कुणीच पडत नाही, बुडावर तर नाहीच. त्यामुळे इथे ‘पडण्याचा परिणाम’ असं भाषांतर करणारा स्वतःच आपटतो.