झाकलेल्या खुर्च्या: पोर्टलंड ते व्हँकुव्हर, एका रेल्वेमार्गावरची तीन मैदानं

अमेरिकेत ‘फुटबॉल’ म्हटलं की अंडाकृती चेंडूचा खेळ. आपल्या ओळखीच्या फुटबॉलला तिथे सॉकर म्हणतात, आणि त्याची सर्वांत वरची लीग म्हणजे मेजर लीग सॉकर, एमएलएस. 1996 मध्ये 10 संघांनी सुरू झाली, 2025 मध्ये सॅन डिएगो आल्यावर 30 झाले. लीगची प्रेक्षकसंख्या वाढते आहे असं वाचायला मिळतं. ही वाढ दिसते कशी, हे पाहायचं तर पोर्टलंड, सिएटल आणि व्हँकुव्हर या तीन शहरांसारखी जागा नाही. तिन्ही शहरं अ‍ॅमट्रॅक या अमेरिकन रेल्वे कंपनीच्या कॅस्केड्स गाडीने जोडलेली आहेत. पोर्टलंडहून सिएटलला साधारण साडेतीन तास, तिथून व्हँकुव्हरला चारच्या आसपास.

वेळापत्रक बघताना एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. बहुतेक सामने शनिवारी स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी साडेसातला असतात, अधूनमधून बुधवारी. साडेसात ही कागदावरची वेळ. चेंडू प्रत्यक्षात पाच-दहा मिनिटांनी हलतो. सामना संपेपर्यंत साडेनऊ वाजून जातात, म्हणजे सामना बघून रात्रीच्या गाडीने पुढच्या शहरात जायचा बेत करू नका. तिन्ही संघ एकाच आठवड्यात घरी खेळत आहेत असं क्वचितच जमतं. शनिवार-बुधवार-शनिवार अशी साखळी सापडली तर लगेच तिकिटं काढावीत.

मी दक्षिणेकडून सुरुवात करायला सांगेन. पोर्टलंडचं प्रॉव्हिडन्स पार्क शहराच्या ऐन मध्यात, 1926 मधलं मैदान. त्याच्याच नावाचा मॅक्स ट्रामचा थांबा अगदी दाराशी आहे, रेड आणि ब्लू दोन्ही लाइन तिथे थांबतात. भाडं 2.80 डॉलर, अडीच तास चालतं. सामना धरून ते हमखास संपतं, पण येताना-जाताना तेच कार्ड टेकवलं तर दिवसभराचे मिळून 5.60 डॉलरच्या वर कापले जात नाहीत. गाडी घेऊन जायच्या फंदात पडू नये, स्टेडियमला स्वतःचं म्हणावं असं पार्किंगच नाही.

इथे 25,218 खुर्च्या. 2019 मध्ये पूर्वेकडचा स्टँड उंच करून सुमारे 4,000 वाढवल्या. 2011 मध्ये पोर्टलंडचा टिंबर्स संघ एमएलएसमध्ये आला तेव्हापासून करोनापर्यंत लीगचा घरचा प्रत्येक सामना ‘हाउसफुल्ल’ जाहीर झाला. उत्तरेकडच्या टोकाला टिंबर्स आर्मीचे समर्थक असतात. तिथे ठरावीक खुर्ची नसते, जो आधी पोहोचेल त्याची जागा. नव्वद मिनिटं उभं राहायची तयारी नसेल तर तिथलं तिकीट घेऊ नये. मागचे लोक तुमच्या बसण्याची गय करणार नाहीत. संघाने गोल केला की टिंबर जोई, म्हणजे संघाचा लाकूडतोड्या शुभंकर, चेनसॉ सुरू करतो आणि ओंडक्याची एक चकती कापतो. गोल करणाऱ्या खेळाडूला सामन्यानंतर ती मिळते. भुसा उडतो, ताज्या लाकडाचा वास पहिल्या काही रांगांपर्यंत येतो. टीव्हीवर यातलं निम्मंही कळत नाही.

आता आकड्यांचं. एमएलएसमध्ये जाहीर होणारी प्रेक्षकसंख्या म्हणजे वाटली गेलेली तिकिटं, दारातून आत आलेली डोकी नव्हेत. सीझन तिकीट घेऊन घरी बसलेला माणूसही त्यात मोजला जातो, फुकट वाटलेलं तिकीटही. त्यामुळे ‘हाउसफुल्ल’ आणि समोर दिसणाऱ्या रिकाम्या रांगा दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. स्वतः अंदाज घ्यायचा तर तो पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास घ्या. सुरुवातीला लोक अजून दारात असतात, आणि मध्यंतरानंतर पन्नासाव्या मिनिटापर्यंत निम्मे खाण्याच्या रांगेत. एक ब्लॉक निवडायचा, रांगा गुणिले खुर्च्या करायचं, रिकाम्या मोजायच्या. असे दहाएक ब्लॉक मैदानभर विखरून घ्यायचे. समर्थकांचं टोक यात धरू नका, ते नेहमी भरलेलं असतं आणि हिशेब फुगवतं. कॅमेऱ्यासमोरच्या स्टँडचाही तोच प्रकार. दुसरी सोपी खूण: सामन्याच्या दिवशी दुपारी पुनर्विक्रीच्या अ‍ॅपवर भाव बघावेत. तासातासाला घसरत असतील तर जाहीर आकडा काहीही येवो, आत जागा असणार.

सिएटलला गाडी किंग स्ट्रीट स्टेशनवर उतरवते, आणि तिथून ल्युमेन फील्ड पाच-सात मिनिटांच्या चालीवर. पाठीवरची सॅक घेऊन थेट दाराशी गेलात तर परत फिरावं लागेल. आत फक्त पारदर्शक पिशवी चालते, 12×6×12 इंचांपर्यंत. शिवाय तळहाताएवढी छोटी पर्स. सामान आधी हॉटेलात टाका. सामन्यापूर्वी पायोनियर स्क्वेअर भागातल्या ऑक्सिडेंटल स्क्वेअरमधून समर्थकांचा मोर्चा निघतो. ढोलांमागे चालत गेलं की रस्ता विचारावा लागत नाही.

हे मैदान मुळात अमेरिकन फुटबॉलच्या सीहॉक्सचं, जवळपास 69,000 खुर्च्यांचं. सिएटलच्या सॉकर संघाच्या, साउंडर्सच्या, नेहमीच्या सामन्याला मात्र 37,722 एवढ्याच विकायला काढतात. वरच्या मजल्याचा मोठा भाग छापील ताडपत्रीने झाकलेला असतो. खालून बघताना ती जाहिरातच वाटते. नीट पाहिलं तर तिच्याखाली खुर्च्यांच्या पाठींचे उंचवटे दिसतात. 2009 मध्ये पहिल्याच हंगामात इथली सरासरी 30 हजारांवर गेली, 2015 मध्ये 44 हजारांवर, आणि अलीकडे पुन्हा 30 हजारांच्या आसपास आली. म्हणजे संघ लोकांच्या मनातून उतरला का? माझ्या मते नाही. शहरात कोणत्या सामन्याला बाहेर पडायचं हे लोक आता निवडून ठरवतात. 25 ऑगस्ट 2013 ला पोर्टलंडविरुद्ध ताडपत्री काढली तेव्हा 67,385 आले. 2019 च्या एमएलएस कपला, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या अंतिम सामन्याला, 69,274. आणि 31 ऑगस्ट 2025 ला लीग्स कपच्या (एमएलएस आणि मेक्सिकोच्या लीगमधल्या क्लबांची स्पर्धा) अंतिम सामन्यात मेस्सीच्या इंटर मायामीला 3-0 हरवताना 69,314. हा शेवटचा आकडा लीगच्या सरासरीत धरला जात नाही, कारण स्पर्धा वेगळी. गल्लत नेमकी इथेच होते.

मेस्सीचा विषय निघालाच आहे. तो जुलै 2023 मध्ये आला. त्या वर्षी लीगची सरासरी 22,111 होती, 2024 मध्ये 23,234, आणि 2025 मध्ये पुन्हा 22 हजारांच्या आसपास. 2024 ची उडी बघताना एक सामना उलगडून पाहा. 13 एप्रिल 2024 ला कॅन्सस सिटीने मायामीविरुद्धचा सामना आपल्या साडेअठरा हजारांच्या मैदानातून उचलून अ‍ॅरोहेड स्टेडियमवर नेला. आले 72,610. वरचे 54 हजार घरच्या 17 सामन्यांत वाटले की क्लबची सरासरी एका संध्याकाळीत तीन हजारांनी फुगते. संपूर्ण लीगच्या 493 सामन्यांवर पसरले तरी एकट्या त्या सामन्याने 110 ची भर पडते. क्लबचे घरचे बाकीचे सोळा सामने मात्र होते तसेच. म्हणून क्लबची सरासरी बघण्याऐवजी सगळे सामने चढत्या क्रमाने लावून मधला आकडा बघावा.

व्हँकुव्हरला जायला पासपोर्ट लागतो, आणि भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचा व्हिसाही. परत सिएटलला यायचं असेल तर अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. तो नसेल तर सहल तिथेच अडकेल. गाड्या दिवसाला जेमतेम दोन. जाताना तपासणी पॅसिफिक सेंट्रल स्टेशनवर उतरल्यावर होते. येताना अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी त्याच स्टेशनवर गाडीत चढण्याआधी होते, म्हणून तासभर आधी पोहोचायचं. नंतर सीमेलगतच्या ब्लेन या अमेरिकन गावात गाडी थांबवून कस्टम्सवाले डब्यात येतात.

पॅसिफिक सेंट्रलच्या समोरच स्कायट्रेनचं मेन स्ट्रीट–सायन्स वर्ल्ड स्टेशन आहे. तिथून एकच थांबा पुढे स्टेडियम–चायनाटाउन, आणि बाहेर पडलं की बीसी प्लेस. वर उघडझाप होणारं छत आहे, त्यामुळे पावसाची चिंता नाही. आत ताडपत्रीऐवजी छतापासून पांढरे पडदे सोडलेले असतात. पडदे खाली असले की व्हँकुव्हरच्या संघाचं, व्हाइटकॅप्सचं, स्टेडियम 22,120 जणांचं, आणि डोळ्यांना भरगच्च दिसतं. पडदे वर गेले की तीच इमारत 54 हजारांची होते, आणि वीस हजार लोक तिच्यात कोपऱ्यात सांडल्यासारखे वाटतात. आवाजातही फरक पडतो. कापडाने अडवलेला आवाज खालीच घुमत राहतो.

25 मे 2024 ला पडदे वर होते. समोर इंटर मायामी, जाहीर आकडा 51,035. मेस्सी आणि त्याचे नामवंत सहकारी सुआरेझ, बुस्केट्स तिघेही आलेच नाहीत. तिकिटं त्याआधीच खपली होती, त्यामुळे वर्षअखेरीच्या तक्त्यात तो सामना मेस्सी खेळल्यासारखाच दिसतो. एकट्या त्या दिवसाने क्लबच्या सरासरीत सतराशेची भर घातली. अशा सामन्याचं तिकीट काढणाऱ्यांना एवढंच सांगेन: खेळाडूचं नाव बघून चौपट पैसे मोजू नका, परतावा मिळत नाही.

2027 च्या जुलैपासून लीगचं वेळापत्रक बदलणार आहे. हंगाम जुलैच्या मध्यात सुरू होऊन पुढच्या मेअखेर संपेल, डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत सुट्टी. म्हणजे जूनमधले लांब उजेडाचे, सामने बघायला सर्वांत सुखाचे शनिवार हातातून जाणार. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत या किनाऱ्यावर गारठा आणि सततची रिपरिप असते. बीसी प्लेसचं छत मिटलेलं असेल. ल्युमेन फील्डमध्ये साधारण सत्तर टक्के खुर्च्यांवर छप्पर आहे, बाकीच्या भिजतात. तिथलं तिकीट काढताना खालच्या मजल्यावरच्या पुढच्या रांगा टाळाव्यात, पाऊस वाऱ्याबरोबर पहिल्यांदा त्यांच्यावरच येतो.