कूटचा खंदक, १:३५ : मातीकाम पूर्ण, आकृत्या सुरू

पहिल्या महायुद्धातील कूटच्या वेढ्याचा एक खंदक मी १:३५ प्रमाणातल्या छोट्या प्रतिकृतीत उभारतो आहे. पश्चिम आघाडीच्या (फ्रान्स-बेल्जियममधल्या) खंदकांच्या प्रतिकृतींचे जे तयार संच बाजारात मिळतात, त्यांत लाकडी फळ्या, ओंडक्यांचे टेकू आणि नीट रचलेली वाळूची पोती असतात. मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) कूटसाठी त्यांतले जवळजवळ काहीच कामाचे नाही. तायग्रिसच्या वळणातील या गावात ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात ब्रिटिश हिंदी सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन तुर्की वेढ्यात अडकली होती आणि तिच्यात १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. तिथे दगड नाही, लाकूड दुर्मीळ. जे काही उभारायचे ते नदीच्या गाळातूनच. म्हणून माझ्या खंदकाच्या भिंती उघड्या मातीच्या आहेत.

सहा फूट खोली या प्रमाणात सव्वापाच सेंटिमीटर भरते. थर्माकोलच्या साच्यावर प्लास्टर, चाळलेली माती आणि फेविकॉल यांचा लेप दिला आणि तो अर्धवट ओला असतानाच फावड्याचे उभे ओरखडे पातळ पात्याने उमटवले. खरा वेळ गेला तो ओलीच्या रेषेत. कोरडा गाळ फिकट राखाडी असतो आणि भिजला की गडद होतो. पण ही सीमा पट्टीने आखल्यासारखी दिसली की सगळा देखावा खोटा वाटतो, म्हणून पातळ रंग तळातून कापसाने वर चढू दिला आणि तळाशी चकचकीत वार्निशचे थर दिले. प्रसंग जानेवारी १९१६ चा आहे. त्या महिन्याच्या उत्तरार्धात पुराचे पाणी वायव्येकडील पहिल्या रांगेत शिरले आणि दोन्ही बाजूंच्या सैनिकांना पुढचे खंदक सोडावे लागले; माझा देखावा त्याच्या काही दिवस आधीचा आहे.

आकृत्यांची मांडणी सैनिकांच्या दिनक्रमावरून ठरवली. नेमबाजांमुळे दिवसा डोके वर काढणे धोक्याचे असल्याने खोदकाम, बांधांची डागडुजी आणि सामानाची ने-आण रात्री होत असे. त्यामुळे माझ्या देखाव्यात एक पहारेकरी बांधातल्या टेहळणीच्या भोकाशी आहे आणि बाकीचे भिंतीतल्या कोनाड्यांत ओव्हरकोट ओढून झोपले आहेत. हातात संगीन घेऊन धावणारा एकही शिपाई नाही, आणि तो नसावा असेच माझे मत आहे. खाकी फेटे एपॉक्सी पुटीच्या पातळ पट्ट्यांनी गुंडाळले. पुटी कडक होण्याआधी सुईने दुमड्या पाडल्या की कापड कापडासारखे दिसते.

चेहरे मुद्दाम खप्पड केलेले नाहीत. उपासमारीने कळस गाठला तो पुढे: घोड्याचे मांस बहुतेक हिंदी शिपायांनी बराच काळ नाकारले, त्यांच्यात स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) पसरली, आणि एप्रिलमध्ये विमानांतून धान्य-पीठ टाकण्याची वेळ आली. पिठाच्या चक्कीचे दगडसुद्धा विमानातूनच टाकले गेले, हा तपशील मला कोणत्याही लढाईइतकाच बोलका वाटतो. पण तो जानेवारीच्या देखाव्यात बसत नाही.

उरलेले मोठे काम भिस्त्याचे, म्हणजे पखालीतून पाणी आणणाऱ्याचे, आहे. पाणी नदीचेच, आणि नदीकाठ समोरच्या तीरावरील नेमबाजांच्या माऱ्यात. म्हणून त्याला अंधार पडल्यावर परतताना, कमरेत वाकून चालताना दाखवणार आहे. पखालीसाठी कणकेसारखी मळलेली पुटी पातळ लाटून शिवणीच्या रेषा पाडल्या आहेत. भिजलेल्या चामड्याची काळसर झाक तेलरंगाने आणावी की वार्निशने, ते दोन नमुने वाळल्यावर ठरवेन.